पाखरांचा हजेरीपट



५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आता महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो. पहिला दिवस निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या. शासनाने २०२० साली त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा पहिला अहवाल निघाला. सुमारे साडेपंधरा हजार निरीक्षकांनी केलेल्या एक कोटी नोंदींवर तो उभा होता. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, दुसरा अहवाल आला तेव्हा निरीक्षक तीस हजारांवर आणि नोंदी तीन कोटींवर गेल्या होत्या. या आकड्यांच्या आत शाळकरी मुले आहेत, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आहेत, टाळेबंदीत खिडकीतून पाहता पाहता नाद लागलेल्या गृहिणी आहेत. दुर्बीण हे आता साहेबाच्या गळ्यातले भूषण राहिलेले नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एवढे डोळे आभाळाकडे लागले आहेत, तर त्यांच्याकडून कोणते काम व्हावे हा प्रश्न आनंदाच्या भरात मागे पडतो. आज मला त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: या छंदाची खरी किंमत कोणाला किती दुर्मीळ पाखरू दिसले यावर ठरू नये. रोजच्या, ओळखीच्या, कोणी वळूनही पाहत नाही अशा पाखराची हजेरी कोण घेतो, आणि ते आले नाही तर त्याची गैरहजेरी कोण मांडतो, यावर ती ठरावी. देशी पक्ष्यांविषयी आज जे महत्त्वाचे संशोधन होत आहे, त्यातले बरेचसे याच हजेरीपटावर चालले आहे.

हौशी माणसांनी शास्त्राला हात लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये आठ जणांनी एकत्र येऊन मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे एक संस्थापक, दुसरे वनस्पतींचे जाणकार, आणि दोघेही व्यवसायाने डॉक्टर. पुढे त्याच संस्थेच्या आसऱ्याने सालिम अली घडले. त्यांचे नाव घेतले की आपल्याला हिमालयातल्या मोहिमा आणि डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ आठवतो. पण त्यांच्या अभ्यासाला वळण दिले ते अलिबागजवळच्या किहीमच्या सुगरणीने, आणि सुगरण हे काही दुर्मीळ पाखरू नव्हे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला तिचे खोपे लटकलेले प्रत्येक गावाने पाहिले होते. १९३० साली हाताशी नोकरी नसताना सालिम अली त्या खोप्यांखाली दिवसचे दिवस बसून राहिले आणि आपल्या भाषेने या पाखराला स्त्रीलिंगी नाव दिल्यामुळे जे आपल्या सहसा लक्षात येत नाही, ते त्यांनी टिपून ठेवले. खोपा विणतो तो नर. गवताच्या पात्याची कड चोचीत धरून तो लांब दोरा फाडतो, गाठ मारतो, विणतो आणि खोपा अर्धा झाला, उलट्या टोपीएवढा झाला की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात, धागे ओढून पाहतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथे नांदते, आणि मगच नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरा खोपा बांधायला घेतो. यातले काहीच लपून घडत नव्हते. लोक हजारो वर्षे ते पाहत आले होते. तारीख घालून, क्रमाने, न कंटाळता कोणी लिहून ठेवले नव्हते एवढेच.

लिहून ठेवले नाही तर काय होते, याचा सर्वांत कडू धडा गिधाडांनी दिला. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची जागा आणि तिथली झुंबड आठवेल. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशांच्या दोखम्यांवर ती घिरट्या घालत. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगात सर्वाधिक संख्येने असलेल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक असावा, असे १९८० च्या दशकात पक्षितज्ज्ञ लिहीत होते. इतका मुबलक पक्षी कोण मोजणार? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी. एवढा मोठा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत संपला, आणि बहुतेक ठिकाणी संपल्यावरच तो दिसेनासा झाल्याचे लक्षात आले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र डॉ. विभु प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडे आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीच्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तेव्हा घसरणीचा पहिला नि:संदिग्ध पुरावा हाती आला. मग शोध सुरू झाला. मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर आणि यकृतावर पांढऱ्या भुकटीसारखे युरिक आम्लाचे थर सापडत होते, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सिद्ध झाले: जनावरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. त्याच जातीची आणखी दोन औषधे २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. अलीकडे, २०२४ मध्ये, अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात असा अभ्यास प्रसिद्ध झाला की, गिधाडे जिथे पूर्वी भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती नाहीशी झाल्यावर माणसांचे मृत्यू वाढले, आणि २००० ते २००५ या काळात हा जादा आकडा पाच लाखांच्या घरात गेला. सडणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज अशी ती साखळी आहे. आता कल्पना करा, केवलादेवसारख्या मोजण्या देशात वीस-पंचवीस ठिकाणी चालू असत्या तर? कदाचित पाच-सात वर्षे आधी कळले असते. गिधाडांच्या बाबतीत पाच-सात वर्षे म्हणजे जवळजवळ सगळेच.

हजेरी या शब्दावर मी जोर देतो त्यामागे शास्त्रीय कारण आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मास्तर हजेरी घेतात तेव्हा आलेल्यांची नावे लिहून वही मिटत नाहीत, न आलेल्यांपुढेही खूण करतात. पक्ष्यांची बहुतेक जुनी टिपणे पहिल्या अर्ध्यावरच थांबलेली आहेत. अमक्या तळ्यावर अमका पक्षी दिसला, एवढेच त्यांत असते, आणि तेही तो पक्षी विशेष असेल तरच. साळुंकी, वेडा राघू, कोतवाल यांच्या नोंदी कोणी केल्याच नाहीत. आता 'ईबर्ड'सारख्या मंचावर निरीक्षकाला एक साधा प्रश्न विचारला जातो: तुम्ही ओळखलेला, पाहिलेला किंवा ऐकलेला प्रत्येक पक्षी या यादीत आला आहे का? होय म्हटले की ती पूर्ण यादी झाली. कुठे, किती वाजता, किती वेळ, किती अंतर चाललो, आणि प्रत्येक जातीची संख्या किती, हेही तिच्यात येते. अशा यादीत जे नाव नसते तेही बोलू लागते. समजा, एखाद्या तालुक्यात एका काळातल्या १०० पूर्ण याद्यांपैकी ४० याद्यांत नीलपंख होता आणि दहा वर्षांनी तो २५ याद्यांतच आला, तर निरीक्षक कितीही बदलले असले तरी काहीतरी घडले आहे हे म्हणता येते. पंधरा मिनिटांची यादीही चालते. त्यासाठी कुठल्या अभयारण्यात जावे लागत नाही. एसटी स्टँडमागच्या ओढ्यावर ती करता येते. आणि त्या ओढ्यावरची यादी दुसरे कोणी करत नाही, म्हणूनच तिचे मोल जास्त.

अशा याद्यांतून काय निघाले? २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. त्यांतल्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. २०४ जातींची घट झालेली दिसली, ९८ स्थिर राहिल्या आणि फक्त ३६ वाढल्या. वाढलेल्यांत मोर आहे, पारवा आहे, कोकीळ आहे, गावकावळा आहे. माणसाजवळ, कुठेही, काहीही खाऊन राहू शकणारे पक्षी. घटलेल्यांत शिकारी पक्षी आहेत, हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारी थापट्या आणि तलवार बदके आहेत, आणि उघड्या माळावर राहणारे पक्षी आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, ज्याला बऱ्याच भागांत चास म्हणतात, इतका कमी झालेला दिसतो की जागतिक पातळीवर त्याच्या स्थितीचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस या अहवालाने केली. रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला नीलपंख ही आपल्याला इतकी साधी गोष्ट वाटे की त्याच्या संख्येविषयी कोणी शंका काढली नव्हती. उलट, चिमणीचे पाहा. चिमणी संपत चालली म्हणून आपण दोन दशके हळहळलो, २० मार्चला तिचा दिवस पाळू लागलो, मोबाइलच्या मनोऱ्यांना दोष दिला. २०२० च्या अहवालाने आकडे मांडले तेव्हा दिसले की देशभर पाहता पंचवीसएक वर्षे चिमणी साधारण स्थिर आहे. मुंबईसह सहा मोठ्या महानगरांत मात्र ती खरोखर घटली आहे. महानगरात राहणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाने आपल्या गॅलरीतले रिकामेपण देशभर पसरवले. त्या हळहळीत खोटे काही नव्हते. तिने कितीतरी घरांच्या भिंतीवर लाकडी खोकी लागली, मुलांना पक्ष्यांचा लळा लागला, हे मी फार मोलाचे मानतो. तरीही तेवढ्याच काळात माळावरची पाखरे मुकाट्याने कमी होत होती आणि त्यांच्यासाठी कोणी दिवस पाळत नव्हते.

माळावर थोडे थांबू या, कारण महाराष्ट्राच्या दृष्टीने हे प्रकरण सर्वांत निकडीचे आहे. पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूर, अहिल्यानगर, बीडपर्यंत पसरलेला उघडा गवताळ माळ आपल्या महसुली मनाला 'पडीक' वाटतो. सरकारी नकाशांत अशा जमिनी ओसाड म्हणून रंगवल्या जातात, आणि ओसाड म्हटले की काहीतरी करून टाकावेसे वाटते: समतल चर खणा, गिरिपुष्प लावा, सौर पट्ट्या मांडा, प्लॉट पाडा. त्या पडीक जमिनीवर पहिला पाऊस झाला की डोंबारी चंडोलाचा नर पाहावा. चिमणीहून लहान, डोके राखी, गाल पांढरे, पोट काळेभोर. मातीच्या ढेकळावर बसला तर ढेकूळच वाटावा. मग तो पंखांची भराभर फडफड करत सरळ वर जातो, आणि वर गेल्यावर पंख मिटून दगडासारखा खाली येतो. जमिनीला लागणार असे वाटते तेवढ्यात लांब शीळ देत पुन्हा वर उसळतो. असे दोन-चार झोके घेतो आणि दुसऱ्याच ढेकळावर जाऊन बसतो. दोरावरच्या कसरतीवरून लोकांनी त्याला डोंबारी म्हटले, ते नाव किती नेमके आहे! त्याची घरटी जमिनीवर, गवताच्या झुपक्याच्या आडोशाला असतात. झाड त्याच्या उपयोगाचे नाही. झाडावर बसणारा कावळा आणि शिक्रा मात्र त्याच्या अंड्या-पिल्लांना घातक. धाविक, माळटिटवी, पखुर्डी यांचेही तेच. झाडे लावणे ही चांगली गोष्ट आहे असे आपण लहानपणापासून शिकलो आहोत, आणि डोंगरउतारावर, उजाड झालेल्या रानात ती चांगलीच आहे. पण जिथे हजारो वर्षे गवतच होते तिथे झाड लावणे म्हणजे एका वस्तीवर दुसरी वस्ती बसवणे होय. हे नुसते सांगून पटत नाही. 'इथे काय आहे?' असे अधिकारी विचारतो तेव्हा पाच-दहा वर्षांच्या याद्या पुढे ठेवता आल्या, तर त्या जमिनीला पडीक म्हणणे अवघड जाते.

यावर पहिला आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येतो: हौशी माणसांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवावा? चुकीची ओळख होते, उत्साहात संख्या फुगते, आणि आता मोबाइल आवाज ऐकून नाव सांगतो तेव्हा माणूस स्वतःचा कान वापरायचेच विसरतो. आक्षेप रास्त आहे. मोबाइलने सुचवलेले नाव ही सूचना असते, पुरावा नसतो, एवढे प्रत्येक नवशिक्याने मनावर घ्यायला हवे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. विस्कळीत चुका मोठ्या संख्येत एकमेकींना बऱ्याच अंशी खातात, आणि त्या त्या भागातले स्वयंसेवी परीक्षक जागेला, ऋतूला न जुळणाऱ्या नोंदी अडवून विचारणा करतात. आणि खोटेपणा ही काही हौशी माणसाची मक्तेदारी नाही. पक्षिशास्त्रातली सर्वांत बदनाम लबाडी एका प्रतिष्ठित संग्राहकाने केली, आणि ती आपल्या खानदेशाशी जोडलेली आहे. वनपिंगळ्याचे वर्णन अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या संदर्भात वाचतो. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून वनपिंगळ्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी गायब झाला, फक्त एक नोंद सोडून: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली तो गुजरातेत मिळवल्याचा दावा होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला. क्ष-किरणांखाली त्याची आतली बांधणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. डेव्हिडसनचाच नमुना संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. म्हणजे गुजरातची नोंद खोटी. आणि मधल्या दशकांत ज्यांनी तिच्या भरवशावर शोध घेतला त्यांची वाट आधीच चुकलेली होती. ती नोंद बाजूला ठेवून, उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरचे गाव-तारीख पाहत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पोचले. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आता नंदुरबार. २५ तारखेच्या सकाळी, भर उजेडात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक पिंगळा बसलेला दिसला: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद, पाय पिसांनी भरदार. ११३ वर्षांनी वनपिंगळा भेटला.

या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती डेव्हिडसनची चिठ्ठी. साधी, खरी, ठिकाण आणि तारीख असलेली. एका खोट्या चिठ्ठीने पिढ्या भरकटल्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या चिठ्ठीने पक्षी परत मिळवून दिला. मग तोरणमाळ, यावल, मेळघाटातून त्याच्या नोंदी आल्या. २०१४ मध्ये थेट मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसाच्या जंगलातून आली. २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात हलवले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचे नाते आपल्या वाड्यांच्या वळचणीला बसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या प्रजातीशी, म्हणजे 'जीनस'शी, जोडले. ह्यूमने त्याला वेगळी प्रजाती दिली होती. उलट, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला शोला रानांतल्या पक्ष्यांवर झालेल्या जनुकीय कामातून २०१७ मध्ये दोन नव्या प्रजातीच वेगळ्या काढाव्या लागल्या, इतकी ती पाखरे एकेका डोंगरमाथ्यावर अडकून निराळी होत गेली होती. प्रयोगशाळेतले हे काम थक्क करणारे आहे. तरी प्रत्येक वेळी कोणीतरी आधी त्या रानात जाऊन पक्षी नेमका कुठे आहे, हे खरे खरे लिहून ठेवलेले असावे लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. या याद्या कोण करतो? ज्याच्याकडे रविवार मोकळा आहे, गाडी आहे, चांगला मोबाइल आहे आणि इंग्रजी येते तो. त्यामुळे भिगवणच्या पाणथळीवर याद्यांचा ढीग पडतो आणि गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या तालुक्यात शुकशुकाट असतो. हे खरे आहे, आणि नुसत्या उत्साहाने ते सुधारणार नाही. केरळने त्यावर उपाय करून दाखवला. २०१५ ते २०२० या काळात त्यांनी राज्याचे लहान लहान चौकोन पाडले, कुठल्या चौकोनात जायचे हे आवडीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, आणि हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी प्रत्येक चौकोनात कोरड्या ऋतूत एकदा आणि पावसाळ्यात एकदा ठरावीक वेळ मोजणी केली. कोणाच्या वाट्याला रबराचा मळा आला, कोणाच्या वाट्याला बसस्थानक. ज्ञानाचा दुसरा साठा तर अजून वहीबाहेरच आहे. आंध्रातला जेर्डनचा धाविक १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. १९८६ मध्ये तो पुन्हा सापडला तो तिथल्या स्थानिक पक्षी पकडणाऱ्या माणसाच्या हातून, कारण त्याला तो ठाऊकच होता. आपल्याकडे तित्तराची हाक हुबेहूब घालणारे फासेपारधी आहेत, मेळघाटात कोरकू आहेत, माळावर वर्षातले आठ महिने फिरणारे धनगर आहेत. चितमपल्लींनी 'पक्षिकोश' करताना बोलीबोलींतली नावे गोळा केली ती नुसत्या शब्दांच्या प्रेमाने नव्हे. नाव जिथे आहे तिथे पाहणारा माणूस आहे, हे त्यांना माहीत होते. या माणसांचे पाहणे नोंदवहीत यायला हवे असेल तर त्यांना मजुरी आणि श्रेय दोन्ही द्यावे लागेल. स्वयंसेवा ही पोट भरलेल्याची चैन आहे.

तिसरा आक्षेप गर्दीचा. मोठ्या भिंगाचे कॅमेरे घेऊन घरट्याभोवती गराडा घालणारे, रेकॉर्ड केलेली शीळ पुन्हा पुन्हा वाजवून नराला भांडायला बाहेर काढणारे, एका दुर्मीळ पाखराची बातमी पसरताच दहा गाड्या माळात घालणारे लोक वाढले आहेत. त्यांचा बचाव मी करणार नाही. घरट्याचा फोटो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हा रोग दुर्मीळतेच्या हव्यासाचा आहे, आणि हजेरीची सवय हा त्यावरचा उतारा ठरू शकतो. ज्याला कोतवाल आणि बुलबुल मोजण्यात रस वाटू लागला, त्याला गराड्यात उभे राहण्याची गरज उरत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोजून पक्षी वाचतो का? माळढोक मोजलेलाच होता. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात शेते, गावे, रस्ते, सगळेच आले. माणसे वैतागली, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरवर्षी गणना होत राहिली आणि आकडा घसरत एक-दोनवर आला. मादी एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. हा जड पक्षी समोरच्या विजेच्या तारा वेळेवर पाहू शकत नाही. कारणे सगळी माहीत होती. आज देशभरात उरलेले दीडशेच्या आसपास माळढोक बहुतेक राजस्थानात आहेत आणि तिथे कृत्रिम प्रजनन केंद्रातल्या पिलांवर आशा टिकून आहे. नोंद म्हणजे संरक्षण नव्हे, हे मी मान्य करतो. पण नान्नजला गणना झाली ती एकाच पक्ष्याची. तो राजा, बाकीची रयत कोणी मोजली नाही. त्याच माळावरचे धाविक, पखुर्डी, चंडोल तेव्हा किती होते आणि ते केव्हापासून कमी होऊ लागले, हे कळले असते तर सगळा माळच आजारी पडतो आहे, एक पक्षी नव्हे, हे राजा जाण्याच्या कितीतरी आधी दिसले असते. गिधाडांच्या बाबतीत मोजणीमुळे कारण सापडले, औषध बंद झाले, घसरण मंदावली. माळढोकाच्या बाबतीत मोजणी उशिरा आणि एकट्याची झाली. दोन्हींतून निघणारा अर्थ मला एकच दिसतो: साधे पक्षी असताना मोजावेत, संपत आल्यावर मोजण्यात हळहळीपलीकडे फार काही हाती लागत नाही.

म्हणून महाराष्ट्र पक्षिमित्र संघटना, विद्यापीठे आणि वनखाते यांच्यापुढे आज एकच मागणी ठेवतो. केरळसारखा महाराष्ट्राचा पक्षिनकाशा करायला घ्या. आपले राज्य केरळच्या आठपट आहे, त्यामुळे पाच वर्षांत होणार नाही, दहा लागतील. सुरुवात माळरानाच्या जिल्ह्यांपासून करावी, कारण तिथली जमीन सर्वांत वेगाने हातची जाते आहे. चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडावेत. प्रत्येक चौकोनाला एक शाळा जोडावी, आणि मुलांबरोबर गावातला एक धनगर किंवा पारधी मानधनावर असावा. जूनमध्ये एकदा, जानेवारीत एकदा, सकाळी उजाडल्यापासून तासभर. यादी मराठीतच असावी, त्या गावात ज्या पाखराला जे म्हणतात त्या नावाने. शास्त्रीय नाव जोडायला पुढे माणसे आहेत. पहिल्या जूनमध्ये बहुतेक याद्यांत टिटवी, साळुंकी, होला, वेडा राघू आणि कोतवाल एवढेच येतील, एखाद्या यादीत डोंबारी येईल, एखादीत त्याच्यापुढची जागा रिकामी राहील. ती रिकामी जागा तशीच, तारीख घालून, जपून ठेवायची आहे.